सेफ्टी टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही

११ मे २०२३, गुरुवारचा दिवस. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी साफ करायला काही मजूर गेले होते. त्या रात्री त्यांतले पाच जण मरण पावले आणि सहावा अत्यवस्थ झाला. मेलेले पाचही जण एकाच कुटुंबातले, एकमेकांच्या रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यातले. आपल्याच समाजातले, पोटासाठी मिळेल ते काम करणारे. एकाच घरातून पाच जनाजे उठले.

त्यांची नावे आम्ही येथे देत नाही. अशी नावे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बातमी चार दिवस चालली, पुढारी भेटून गेले, मदतीच्या घोषणा झाल्या. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले. त्या घरातल्या बायकांना आणि लेकरांना मात्र तो मे महिना अजून संपलेला वाटत नसेल.

आपल्याकडे या टाकीला 'सेफ्टी टँक' म्हणतात. खरा शब्द 'सेप्टिक टँक', पण बोलता बोलता सेप्टिकचे सेफ्टी झाले. सेफ्टी म्हणजे सुरक्षितता, आणि त्या टाकीत उतरणाऱ्याला नेमकी तीच नसते. हे असे का होते, कायदा काय म्हणतो, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात आपण सर्वांनी मिळून काय करायला हवे, याचा विचार या लेखात करू.

टाकीत असते काय?

बंद टाकीत मैला कुजतो आणि त्यातून वायू तयार होतात. त्यांतला एक हायड्रोजन सल्फाइड. थोडा असेल तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे आत उतरतो आणि एक-दोन श्वासांत कोसळतो. दुसरा वायू मिथेन. त्याला वास नाही, रंग नाही, आणि ठिणगी पडली तर तो पेट घेतो. या वायूंनी टाकी भरली की आत प्राणवायूच उरत नाही.

आपल्याकडे काही समजुती आहेत. झाकण तासभर उघडे ठेवले की झाले, तोंडाला ओला रुमाल बांधला की वायू लागत नाही, कंदील किंवा काडी पेटवून पाहिले की कळते. या तिन्ही समजुती जीवघेण्या आहेत. रुमालातून वायू सहज जातो. वरचे झाकण उघडले तरी तळाशी साचलेला जड वायू तिथेच राहतो, आणि तळाचा गाळ ढवळला की नवा वायू सुटतो. पेटती काडी तर मिथेनला निमंत्रणच.

आणि मरण एकावर थांबत नाही, त्याचेही कारण आहे. पहिला कोसळला की दुसरा त्याला ओढायला उतरतो. तो भाऊ असतो, मुलगा असतो, जावई असतो. आपले माणूस डोळ्यांसमोर पडलेले असताना काठावर उभे राहणे कोणाला जमते? दुसऱ्यामागे तिसरा जातो. देशभर अशा अपघातांत एकापाठोपाठ दोन, तीन, पाच माणसे जातात ती याच मायेपोटी. म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवे: कोणी टाकीत पडले तर मागोमाग उतरायचे नाही. ११२ आणि १०८ ला फोन करायचा, अग्निशमन दलाला बोलवायचे, टाकीची सगळी झाकणे उघडायची, मिळेल त्या पंख्याने किंवा ब्लोअरने लांबून ताजी हवा आत सोडायची आणि विडी-काडी दूर ठेवायची. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीतही असाच धोका असतो.

उन्हाळा आणि मैला

हा अपघात मे महिन्यात झाला. उष्णता वाढली की कुजण्याची क्रिया वेगाने होते आणि वायूही लवकर साचतात. परभणीचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. पारा ४२-४३ अंशांवर जाणे म्हणजे येथे नेहमीची गोष्ट. पण जग तापते आहे, आणि त्या तापण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पंखा-कूलरखाली बसून काम करणाऱ्याला तो घामापुरता जाणवतो. स्लॅबवर, भट्टीवर, कचऱ्याच्या ढिगावर किंवा टाकीच्या तोंडाशी काम करणाऱ्याला तो जिवावर बेतणारा असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज वर्तवला होता की, २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम. हे तास कोणाचे? रोजंदारीवाल्याचे.

टाकीतला मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबात पंचवीस पटींहून अधिक प्रभावी आहे. शहराबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगातूनही तोच वायू निघतो. म्हणजे मैला आणि कचरा नीट हाताळणे हे माणूस वाचवण्याचेही काम आहे आणि हवामान वाचवण्याचेही. ज्यांना आज 'हरित रोजगार' म्हणतात, त्यांतला हा सर्वांत जुना आणि सर्वांत हलका लेखलेला रोजगार. भंगार गोळा करणारे आपले फेरीवाले, प्लास्टिक-काच-पत्रा वेगळा करणाऱ्या बाया, हे सगळे तेच काम करतात. कोणी त्यांना हवामानाचे कार्यकर्ते म्हणत नाही एवढेच.

कायदा काय सांगतो

हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या ७ व्या कलमानुसार गटार किंवा सेप्टिक टँक धोकादायक पद्धतीने साफ करण्यासाठी माणूस कामाला लावता येत नाही. ही बंदी नगरपालिकेवर आहे, ठेकेदारावर आहे आणि घरमालकावरही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. 'त्याने स्वतःच होकार दिला होता' ही सबब चालत नाही.

सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्या खटल्याचा निकाल २७ मार्च २०१४ रोजी लागला. गटारात किंवा टाकीत १९९३ पासून मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे सोनपेठच्या घटनेनंतर पाच महिन्यांनी, दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान वीस लाख.

कायदा आहे, निकाल आहे, तरी मरणे थांबलेली नाहीत. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ३७७ माणसे अशा सफाईत मेली. त्यांतल्या २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची सरकारनेच तपासणी करून घेतली. ५४ पैकी ४९ जणांकडे सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते. आणि ३८ जण कोणाच्या पगारी नोकरीत नव्हते, कोणीतरी सुटे बोलावून ठरवलेल्या पैशांवर कामाला लावलेले होते.

हा ३८ चा आकडा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. सुट्या मजुराला साहेब नसतो, हजेरी नसते, साधने नसतात. काम झाले तर पाचशे-हजार हातावर, आणि मरण आले तर 'आम्ही त्याला ओळखत नाही'. टाकीतला वायू मारतो हे खरे, पण त्याच्या आधी हा एकटेपणा मारतो.

आपल्यातला एक बोचरा प्रश्न

हे काम या देशात जन्मावरून लादले गेले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये गटार आणि टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांच्या नोंदी घेतल्या. त्यांतले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले निघाले. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. पण मुसलमानांत मेहतर, हलालखोर म्हणून ओळखली जाणारी घराणीही आहेत, त्यांच्याशी सोयरीक करताना कपाळावर आठी पडणारी घरेही आहेत, हेही खरे आहे. आणि आता बेकारीमुळे, ज्यांचा हा धंदा कधीच नव्हता अशी पोरेही दोन पैशांसाठी टाकीत उतरत आहेत.

पाकी हा ईमानाचा भाग आहे, हे आपण मकतबमध्ये लहानपणी शिकतो. वुजूच्या पाण्याची, कपड्यांच्या डागाची आपण काळजी घेतो. मग ज्याच्यामुळे आपले घर पाक राहते, त्याच्या जिवाची काळजी त्याच पाकीत मोडत नाही का? मजुराच्या घामाविषयी आणि त्याच्या मजुरीविषयी प्यारे नबी (स.) यांनी काय ताकीद केली, ती हदीस आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मजुरावर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकू नये, आणि टाकलेच तर त्याला हात द्यावा, हीही शिकवण आहे. विषारी वायूत उतरणे कोणाच्याच ताकदीतले नाही.

एकजुटीने काय होते

हे सगळे ऐकून 'मजूर काय करणार?' असे वाटेल. आपल्याच राज्यात मजुरांनी काय केले ते पाहा.

पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने यांची त्यांना साथ होती. त्या वेळी कचरा वेचणारीला चोर समजत, पोलीस हटकत, कुत्रे अंगावर सोडत. पंचायतीने सर्वांत आधी काय मागितले? ओळखपत्र. आम्ही कामगार आहोत, एवढे लिहून द्या. ते मिळाले. मग विमा आला. मग २००८ मध्ये याच महिलांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेऊ लागली. तीन हजारांहून अधिक कचरावेचक त्यात आले. उकिरड्यात हात घालणारी बाई दारात येऊन सुका-ओला कचरा वेगळा घेऊ लागली. काम जवळजवळ तेच, पण आता तिला ओळख होती, ठरलेली वेळ होती आणि ठरलेला मोबदला होता.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी मिलिंद रानडे यांच्यासोबत 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' बांधला. कित्येक वर्षे कोर्टकचेरी केली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निर्णय उचलून धरला.

आणि आपल्या परभणीला तरी धरणे कुठे नवे आहे? पीकविम्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून २०१८ मध्ये परभणीचे शेतकरी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कित्येक दिवस ठाण मांडून बसले होते. परभणीच्या सोयाबीन विम्याचा प्रश्न त्या वर्षी पार देशाच्या वर्तमानपत्रांत गेला. आभाळ फिरले की शेतकऱ्याचे नुकसान होते आणि त्याला भरपाई मागण्याचा हक्क आहे, हे त्या बसण्यातून सर्वांना कळले. त्याच आभाळाखाली काम करणाऱ्या मजुराचा हक्क मात्र अजून कोणी मोठ्याने बोललेला नाही.

जो उतरत होता, त्याच्याच हाती गाडी

टाकीत माणूस उतरवायचा नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, मग टाकी उपसणार कोण? दुसरा प्रश्न, या लोकांनी खायचे काय? दोन्हींचे उत्तर एकच आहे. मैला उपसणारी पाइपवाली गाडी, आणि ती चालवणारे तेच कामगार.

केंद्र सरकारची 'नमस्ते' नावाची योजना २०२३-२४ पासून सुरू आहे. गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंद करणे, त्यांना सुरक्षेचा संच आणि आयुष्मान कार्ड देणे, आणि सफाईची यंत्रे घेण्यासाठी कर्जावर अनुदान देणे, हे तिचे काम. २०२४ मध्ये कचरावेचकांनाही तिच्यात घेतले गेले. पण नोंदच झाली नाही तर योजना कागदावर राहते. सोनपेठसारख्या ठिकाणी सुटे काम करणारा माणूस स्वतःहून कार्यालयात जाऊन 'मी मैला साफ करतो' असे सांगेल का? लाजेपायी नाही सांगणार. चार जणांचा गट घेऊन गेले तर सांगेल.

दुसरा मार्ग टाकीच टाळण्याचा. नवे घर बांधताना सेप्टिक टँकऐवजी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय बांधता येते. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. ते फावड्याने काढता येते, शेतात टाकता येते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी 'सोपा संडास' गावोगाव नेला त्यामागे हाच विचार होता, माणसाने माणसाचा मैला उपसू नये. आपल्या काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून खड्डे मोठे घ्यावे लागतात आणि भोवती वाळूचा थर द्यावा लागतो. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर जवळ असू नये. जाणत्या अभियंत्याला विचारूनच करावे. असे खड्डे बांधणारे गवंडी तयार करणे हाही एक हरित रोजगारच आहे.

दुपारचा विसावा

उन्हाच्या बाबतीतही एकजूट कामाची आहे. आपल्या कित्येक घरांतली मुले आखाती देशांत बांधकामावर आहेत. त्यांना विचारा. सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. आपल्याच देशात केरळचा श्रम विभाग दर उन्हाळ्यात दुपारचे काम थांबवण्याचा आदेश काढतो. मग परभणीच्या मजुराने एप्रिल-मेच्या भर दुपारी स्लॅब का टाकावा?

आपल्या दीनमध्ये तर याला आधारच आहे. कडक उन्हाळ्यात जोहरची नमाजसुद्धा थोडा थंडावा आल्यावर अदा करण्याची मुभा दिलेली आहे. दुपारचा कैलूला ही सुन्नत आहे. नमाजेला जिथे सवलत आहे तिथे विटा वाहण्याला नसावी, हे कोणत्या न्यायाने?

आपण काय करायचे

आम्ही वाचकांसमोर काही कामे ठेवतो. यांतले एकही काम मोठ्या पैशाचे नाही.

घराघरांत: टाकी भरली तर महापालिका, नगरपरिषद किंवा पंचायतीकडे मैला उपसणाऱ्या गाडीची मागणी करा. सफाईविषयीच्या तक्रारीसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. गाडी यायला दोन दिवस उशीर झाला तर थांबा. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसली तर ऐनवेळची घाई होत नाही. कोणी 'मी उतरून करतो, कमी पैशांत करतो' म्हणाला तरी त्याला नको म्हणा. बांधकामावर मजूर असतील तर सकाळी लवकर काम सुरू करा, दुपारी सावली आणि पाणी द्या, आणि विसाव्याच्या वेळेची मजुरी कापू नका. आपण दुसऱ्याच्या घरी मजूर असतो तसे आपल्या घरी मालकही असतो, हे विसरू नये.

मोहल्ल्यात: जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर एक टेबल मांडा. कोण टाक्या साफ करतो, कोण भंगार वेचतो, कोण नाक्यावर उभा राहतो, त्यांची यादी करा. शिकलेल्या मुला-मुलींनी त्यांची ई-श्रम नोंद करून द्यावी. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदवावे. यादीत बायकांना विसरू नका. पत्र्याच्या खोलीत भर उन्हात शिलाई मशीन चालवणारी आपली बहीणही मजूरच आहे. गटाने गाडी घ्यायची ठरवली तर सुरुवातीचा हिस्सा बैतुलमालमधून कसा देता येईल, जकातीचा पैसा यात कसा बसतो, हे उलेमांना विचारावे.

जिल्ह्यात: २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती नेमायची आहे. तिची बैठक नियमित व्हावी, सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, मानवत, पूर्णा, पालम येथे उपसा गाड्या किती आहेत ते जाहीर व्हावे, आणि तांड्या-वस्त्यांपर्यंत त्या पोहोचाव्यात, असे निवेदन द्यावे. निवेदनावर एका जमातीच्या नव्हे, सर्व समाजांच्या सह्या असाव्यात. टाकीतला वायू उतरणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

एक जीव वाचवण्याचे मोल आपल्याला कुरआनने किती मोठे सांगितले आहे, ते येथे सांगण्याची गरज नाही. सोनपेठच्या त्या पाच जणांना आपण परत आणू शकत नाही. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि घरच्यांना सब्र देवो. पण पुढच्या मे महिन्यात कोणाच्या तरी दारात एखादा तरुण बादली आणि दोर घेऊन उभा राहील. तेव्हा त्या दारातल्या माणसाने त्याला आत घ्यावे, थंड पाणी द्यावे, आणि गाडीसाठी फोन करावा. एवढे झाले तरी एक घर वाचेल.